आधी फरशीवर, मग स्क्रीनवर: लहान मुलांना खेळातून कोडिंग शिकवायला सुरुवात कशी करावी

पहिले काही तास संगणक बंदच ठेवा. पाच बाय पाच घरं आखता येतील एवढी मोकळी फरशी, खडू किंवा रंगीत चिकटपट्टी, जाड कागदाची वीस-पंचवीस कार्डं आणि एखादं खेळणं, एवढ्या सामानावर सुरुवात होते. ज्यांना स्वतःला प्रोग्रामिंग येत नाही पण पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना त्याची गोडी लावायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रोग्रामिंग येणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. त्यांची अडचण उलटी असते: पहिल्याच तासाला ते व्हेरिएबल (म्हणजे प्रोग्राममध्ये एखादी किंमत ठेवायची नाव दिलेली जागा) समजावत बसतात आणि मुलं खिडकीबाहेर बघू लागतात.

ठरावीक कामासाठी, ठरावीक क्रमाने दिलेल्या, कुठेतरी संपणाऱ्या नेमक्या सूचना म्हणजे अल्गोरिदम. ही व्याख्या तुमच्यासाठी आहे, मुलांना ती ऐकवू नका. त्यांच्या अंगवळणी दोनच गोष्टी पडायला हव्यात. पहिली, यंत्राला आपल्या मनातलं कळत नाही, फक्त सांगितलेलं कळतं. दुसरी, सूचना चालवायच्या आधी काय होईल ते आपण सांगायचं, आणि तसं झालं नाही तर नेमकी कुठली सूचना फसली ते शोधायचं. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त मोलाची. पुढचे सगळे खेळ निवडलेत ते त्यासाठीच.

हा मार्ग जुना आणि चांगला मळलेला आहे. सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. तिच्यातलं कासव पुढे सरकायचं, वळायचं आणि मागे रेघ सोडत जायचं. कासव अडलं की मुलाने उठावं, स्वतः कासव होऊन चालून बघावं, हा पॅपर्ट यांचा आग्रह असे. पुढे १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्यासोबत संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवणारे खेळ रचले. ते सीएस अनप्लग्ड या नावाने जगभर वापरले जातात. खालचे बरेचसे खेळ त्याच घराण्यातले आहेत.

पायरी १: पाठीला पाठ लावून चित्र

दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात साधं चित्र द्या: चौकोन, त्यावर त्रिकोण, शेजारी एक वर्तुळ. दुसऱ्याकडे कोरा कागद आणि पेन्सिल. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. काढणाऱ्याने प्रश्न विचारायचा नाही आणि सांगणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही.

पहिल्या फेरीत हमखास हसू होतं. “चौकोन काढ” म्हटल्यावर कोणी कागदभर चौकोन काढतं, कोणी कोपऱ्यात नखाएवढा. “त्याच्या वर त्रिकोण” म्हटल्यावर त्रिकोण चौकोनाच्या पोटात येतो, कारण ‘वर’ म्हणजे डोक्यावर की अंगावर हे सांगितलेलंच नसतं. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि एवढंच विचारा, “कुठलं वाक्य बदललं असतं तर हे बरोबर आलं असतं?” कोणाची चूक, असं विचारू नका. तसं विचारलं की मुलं एकमेकांवर ढकलतात आणि वाक्य बाजूलाच राहतं.

दुसऱ्या फेरीत मुलं आपणहून “कागदाच्या मधोमध”, “तुझ्या बोटाएवढा”, “त्रिकोणाची खालची रेघ म्हणजेच चौकोनाची वरची रेघ” असं बोलायला लागतात. तेवढं झालं की हा खेळ थांबवा. तो लांबवण्यात मजा नाही.

पायरी २: फरशीवरचा रोबो

हा खेळ मुळाशी आहे, त्याला घाई करू नका. फरशीवर पाच बाय पाच घरं आखा. डावीकडच्या खालच्या घरात सुरुवात. तिथे रोबोचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते दाखवणारा बाण काढा, वरच्या दिशेला. आणखी दुसऱ्या कुठल्याही घरात खेळणं ठेवा. कार्डं तीनच प्रकारची: ‘पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’. ‘पुढे’ म्हणजे तोंड असेल त्या दिशेने एक घर. ‘वळ’ म्हणजे जागच्या जागी वळणं, पाऊल टाकायचं नाही.

सुरुवातीला रोबो तुम्हीच व्हा. मुलाला रोबो केलं की त्याला समोरचं खेळणं दिसतं आणि कार्डं काहीही म्हणोत, ते बरोबर तिथेच जाऊन उभं राहतं. मनमिळाऊ रोबो काही शिकवत नाही. तुम्ही मात्र पक्के ठोंबे व्हा: कार्डावर असेल तेवढंच करायचं, बोलायचं नाही, भिंत आली तरी कार्ड ‘पुढे’ म्हणत असेल तर भिंतीला नाक लावून उभं राहायचं.

समजा, खेळणं सुरुवातीपासून दोन घरं वर आणि दोन घरं उजवीकडे आहे. मुलं कार्डांची रांग लावतात: पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे. आता लगेच चालू नका. आधी विचारा, “मी शेवटी कुठे असेन?” मूल खेळण्यावर बोट ठेवतं. मग कार्डं एकेक करून उचला आणि चाला. तुम्ही खेळण्याच्या एक घर अलीकडे थांबता.

“अजून एक! अजून एक!”

तुम्ही हलायचं नाही. ‘अजून एक’ असं कार्डच नाही. कोणीतरी पळत जाऊन आणखी एक ‘पुढे’ आणतं, शेवटी लावतं आणि खेळणं मिळतं. इथे बहुतेक शिकवणारे टाळ्या वाजवून पुढच्या कोड्याकडे वळतात. थोडं थांबा. रांगेतली कार्डं पुन्हा एकेक करून दाखवा आणि विचारा, “कुठल्या कार्डापर्यंत मी तुझ्या मनात होतो तिथेच होतो?” बोट सरकत सरकत ‘उजवीकडे वळ’वर येऊन थांबतं. मुलाने धरलं होतं की वळलं म्हणजे त्या बाजूच्या घरात गेलंच. गैरसमज त्या कार्डात होता, दिसला मात्र शेवटी. हे एकदा स्वतःच्या बोटाने सापडलं की पुन्हा सहसा होत नाही. तुम्ही तोंडाने सांगितलंत तर पुढच्याच कोड्यात ते परत येतं.

दुसरा घोळ उजव्या-डाव्याचा. रोबो मुलाकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा उजवा हात मुलाच्या डाव्या बाजूला येतो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला हे मनातल्या मनात फिरवणं अवघड जातं. दोन उपाय आहेत. रोबोच्या दोन हातांना वेगळ्या रंगाच्या फिती बांधा आणि कार्डांवर तेच रंग द्या. नाहीतर कागदावर छोटा नकाशा आणि त्यावर फिरवता येईल असा बाण द्या, म्हणजे मूल प्रत्येक वळणाला बाण फिरवून बघेल. उजवं-डावं पाठ करून घेण्यात तास घालवू नका, तो वेगळा विषय आहे.

मुलं सरावली की तिघांचे गट करा. एक सूचना रचतो, एक रोबो होतो, तिसरा तपासनीस. तपासनिसाचं काम सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक कार्डाआधी रोबो कुठल्या घरात जाईल तिथे त्याने बोट दाखवायचं. बोट एकीकडे आणि रोबो दुसरीकडे गेला की सगळे थांबतात. भूमिका प्रत्येक कोड्याला बदला, नाहीतर बोलकं मूल कायम सूचना रचतं आणि शांत मूल कायम रोबो राहतं.

मग वाटेत उशी किंवा खुर्ची ठेवून एखादं घर बंद करा. आता वाटा अनेक निघतात आणि त्या सगळ्या बरोबर असतात. बऱ्याच मुलांना हे नवीन असतं, कारण इतर विषयांत त्यांना एकच उत्तर बघायची सवय असते. दोन गटांच्या रांगा शेजारी मांडून मोजायला लावा. उशी काढून टाकली तर मघाचंच कोडं सरळ वाटेने पाच कार्डांत सुटतं. जिन्यासारखी वाट घेतली, म्हणजे पुढे, उजवीकडे, पुढे, डावीकडे, पुढे, उजवीकडे, पुढे, तर सात लागतात. पावलं दोन्हीकडे चारच, फरक फक्त वळणांचा. ‘चांगली वाट’ म्हणजे कमी कार्डांची की कमी वळणांची, यावर मुलांना भांडू द्या.

पायरी ३: बिघडलेली रांग

आता तुम्ही आठ-दहा कार्डांची रांग तयार करून द्या. तिच्यात एक कार्ड मुद्दाम चुकीचं ठेवा. मुलांनी ती चालवून बघायची आणि चुकीचं कार्ड शोधायचं. नियम दोन: एका वेळी एकच कार्ड बदलायचं, आणि बदललं की रोबोला परत सुरुवातीच्या घरात नेऊन पहिल्या कार्डापासून चालवायचं.

मुलांना दुसरा नियम आवडत नाही. जिथे चुकलं तिथूनच पुढे जावं असं त्यांना वाटतं. पण मधूनच चालवलं तर बदललेलं कार्ड खरंच बरोबर आहे का ते कळत नाही, कारण रोबो मुळात चुकीच्या घरातून निघालेला असतो. एकाच वेळी तीन कार्डं बदलणाऱ्या मुलांचं तसंच: रांग सुधारली तरी कशामुळे सुधारली ते सांगता येत नाही. मोठेपणी प्रोग्राम लिहिणारी माणसंसुद्धा रात्री उशिरा नेमकं हेच करताना दिसतात, त्यामुळे सवय लवकर लागलेली बरी.

हा खेळ दर तासाला पाच मिनिटं घ्या. नवीन काही शिकवायचं नसेल त्या दिवशीही.

पायरी ४: ‘इतक्या वेळा’ आणि ‘जर-तर’

खेळणं आता समोरच्या टोकाच्या घरात ठेवा, म्हणजे चार घरं वर आणि चार घरं उजवीकडे. सरळ वाटेला नऊ कार्डं लागतात. आणि कार्डं मुद्दामच कमी द्या: गटाला एकूण सहा. थोडी कुरकुर होऊ द्या, मग नवीन कार्ड काढा: ‘कंसातलं ४ वेळा’. कंसासाठी दोऱ्याचं वेटोळं पुरतं, त्यात जी कार्डं येतील ती पुन्हा पुन्हा करायची.

इथे मघाशी हरलेली जिन्याची वाट परत येते. पुढे, उजवीकडे वळ, पुढे, डावीकडे वळ, ही चार कार्डं दोऱ्यात घातली आणि ‘४ वेळा’ लावलं की पाच कार्डांत रोबो पोहोचतो. एखादं चलाख मूल म्हणेल, सरळ वाटेलाही ‘४ वेळा पुढे, उजवीकडे वळ, ४ वेळा पुढे’ अशी पाचच लागतात. बरोबर आहे. त्याला शाबासकी द्या आणि दोन्ही रांगा फळ्यावर ठेवा. लूप, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा करणं, हे सांगायची मग गरजच उरत नाही, दोरा बघून कळतं.

एक बारकावा: जिना चढून खेळण्यापाशी पोहोचल्यावरही रोबो शेवटचं ‘डावीकडे वळ’ करतोच. मुलं म्हणतात, “पोहोचला ना, मग कशाला वळतो?” वळतो, कारण दोऱ्यात ते कार्ड आहे.

‘जर-तर’साठी असं एकच कार्ड करा: ‘समोर भिंत असेल तर उजवीकडे वळ, नाहीतर पुढे’. आखलेल्या चौकटीची कड म्हणजे भिंत. हे कार्ड दोऱ्यात घाला आणि वर लिहा, ‘खेळणं मिळेपर्यंत’. रोबो कडेकडेने चालू लागतो, कोपरा आला की वळतो, पुन्हा चालतो. खेळणं कडेच्या घरात असेल तर केव्हातरी मिळतंच. मग काही न बोलता खेळणं मधल्या घरात सरकवा आणि पुन्हा चालू करा. रोबो एक फेरी मारतो, दुसरी मारतो. तिसऱ्या फेरीला कोणीतरी ओरडतं, “हा कधीच थांबणार नाही!” कधीच न संपणारा लूप इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे दाखवता येत नाही. रोबो मात्र या खेळापुरता एखाद्या उत्साही मुलाला करा, तुमचे पाय दुखतील.

पायरी ५: शोधणं आणि क्रम लावणं

इथपर्यंत सूचना लिहायचा सराव झाला. आता एकच काम करण्याच्या दोन पद्धतींमध्ये केवढा फरक पडतो ते दाखवायचं. आठ वर्षांपुढच्या मुलांना हे जास्त रुचतं.

१ ते १०० मधली एक संख्या मनात धरा. मुलांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा “सत्तावीस आहे का?”, “त्र्याण्णव आहे का?” असा मारा होतो. प्रश्न फळ्यावर मोजत राहा. मग कोणीतरी “पन्नासपेक्षा मोठी आहे का?” असं विचारतं, आणि तिथे थांबून १ ते १०० च्या पट्टीवरचा अर्धा भाग खोडून दाखवा. दरवेळी असंच अर्धं केलं तर जास्तीत जास्त सात प्रश्नांत संख्या सापडते. मग विचारा, १ ते १००० असेल तर किती? मुलं सत्तर म्हणतात, कारण दहापट संख्या म्हणजे दहापट प्रश्न असं वाटतं. उत्तर दहा आहे. त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसेल, म्हणून करूनच दाखवा: ५००, २५०, १२५, ६३, ३२, १६, ८, ४, २, १.

हे जमतं ते संख्या क्रमाने असतात म्हणून. तेही हातांनी पटवा. संख्या लिहिलेली पंधरा कार्डं कुठल्याही क्रमाने पालथी मांडा आणि एखादी शोधायला सांगा, एका वेळी एकच कार्ड उलटायचं. मग तीच कार्डं क्रमाने लावून पालथी मांडा. दुसऱ्या वेळी चार कार्डांत काम होतं, पहिल्या वेळी सगळी पंधरा उलटावी लागू शकतात. मग पुढचा प्रश्न मुलंच विचारतात: क्रम लावायचा कसा?

त्यासाठी मला आवडतो तो क्रम लावणाऱ्या जाळ्याचा खेळ. खडूने चार समांतर वाटा आखा, डावीकडून १, २, ३, ४. चार मुलं प्रत्येकी एक संख्या हातात घेऊन वाटांच्या तोंडाशी उभी राहतात. वाटेत ठराविक ठिकाणी दोन मुलं भेटतात आणि संख्या ताडून बघतात. लहान संख्येचं मूल त्या दोन वाटांपैकी डावीकडची वाट धरतं, मोठ्या संख्येचं उजवीकडची. भेटी अशा:

पहिल्या टप्प्यात १ आणि २ या वाटांवरची मुलं भेटतात, त्याच वेळी ३ आणि ४ वरची.
दुसऱ्या टप्प्यात १ आणि ३ वरची, त्याच वेळी २ आणि ४ वरची.
तिसऱ्या टप्प्यात फक्त २ आणि ३ वरची.

पाच भेटी, तीन टप्पे, आणि सुरुवातीला संख्या कशाही असल्या तरी शेवटी त्या चढत्या क्रमाने उभ्या असतात. ३, ४, १, २ घेऊन बघा. पहिल्या टप्प्यात दोन्ही जोड्या जागेवरच राहतात. दुसऱ्यात ३ आणि १ अदलाबदल करतात, ४ आणि २ सुद्धा, आणि रांग होते १, २, ३, ४. तिसऱ्या टप्प्यात बदलायला काही उरत नाही, तरी ती भेट वगळता येणार नाही. का, ते मुलांना १, ३, २, ४ देऊन शोधू द्या.

या खेळात कोणालाच पूर्ण रांग दिसत नाही. प्रत्येक मूल फक्त समोरच्याशी तुलना करतं आणि तरीही अख्खी रांग लागते. शिवाय एकाच वेळी दोन-दोन भेटी चालतात, म्हणजे एकत्र काम केल्याने वेळ कसा वाचतो तेही पायांनी कळतं. संख्यांऐवजी शब्द देऊन वर्णानुक्रम लावा, किंवा जन्मतारखा द्या. जाळं तेच राहतं, फक्त ‘लहान कोण’ याचा नियम बदलतो.

सहा मुलांचं जाळं हवं असेल तर बारा भेटी आणि पाच टप्पे लागतात. पहिला टप्पा: १-६, २-४, ३-५. दुसरा: २-३, ४-५. तिसरा: १-४, ३-६. चौथा: १-२, ३-४, ५-६. पाचवा: २-३, ४-५. फरशीवर आखताना वाटा वेगवेगळ्या रंगांच्या खडूने काढा आणि भेटीच्या जागी वर्तुळ करा, नाहीतर तिसऱ्या टप्प्यापर्यंत मुलं एकमेकांच्या वाटेत शिरतात. मुलांना पाठवायच्या आधी एकदा स्वतः कागदावर सोंगट्या घेऊन चालवून बघा.

शून्य आणि एकच्या कार्डांचा खेळही या वयात लोकप्रिय आहे: १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची पाच कार्डं, काही उघडी, काही पालथी, आणि ० ते ३१ पर्यंत कुठलीही संख्या दाखवता येते. छान आहे, पण तो माहिती कशी साठवतात याबद्दलचा आहे, सूचनांबद्दलचा नाही. सवडीने घ्या.

पायरी ६: आता स्क्रीन

स्क्रीनवर जाताना ब्लॉक, म्हणजे सूचनांचे तयार ठोकळे, जोडायची भाषा घ्या. टाइपिंग आणि विरामचिन्हांच्या चुका या वयात विनाकारण रडवतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर आहे. त्यात शब्द वाचावे लागत नाहीत, चित्रांचे ब्लॉक असतात. आठ वर्षांपुढे स्क्रॅच, जे एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. दोन्ही मोफत आहेत.

पहिला प्रकल्प गेम नको. फरशीवर केलेलंच परत करा: चौकोन. स्क्रॅचमध्ये पेन हे एक्स्टेन्शन, म्हणजे जास्तीची सोय, म्हणून जोडावं लागतं. ‘पेन खाली’, मग ‘४ वेळा’च्या आत ‘१०० पावलं पुढे’ आणि ‘९० अंश वळ’. चालवलं की चौकोन क्षणार्धात तयार होतो, आणि हीच अडचण आहे: मुलाला उत्तर दिसतं, वाट दिसत नाही. म्हणून लूपच्या आत ‘१ सेकंद थांब’ हा ब्लॉक घाला. आता स्क्रॅचमधलं मांजर, म्हणजे तिथला आपला रोबो, एकेक बाजू काढतं आणि मूल बोट दाखवून पुढची बाजू आधीच सांगू शकतं.

दुसऱ्यांदा चालवल्यावर आणखी एक गोष्ट घडते. मांजर जिथे थांबलं होतं तिथूनच निघतं आणि जुन्या रेघाही तशाच राहतात. चौकोनात चटकन लक्षात येत नाही, कारण मांजर फिरून मूळ जागी येतं. मुलाने ते हाताने ओढून दुसरीकडे नेलं की गोंधळ सुरू होतो. फरशीवर दरवेळी रोबोला पहिल्या घरात नेऊन, बाणाच्या दिशेने उभं करायचो, त्याची आठवण द्या. स्क्रॅचमध्ये त्यासाठी सुरुवातीला चार ब्लॉक लागतात: पेन वर, सगळं पुसून टाक, एक्स ० आणि वाय ० वर जा, ९० दिशेला तोंड कर. स्क्रॅचमध्ये ९० म्हणजे उजवीकडे. पेन उचलायला विसरलं तर मधोमध येतानाही रेघ उमटते.

मग त्रिकोण. हा प्रसंग वाया घालवू नका. मोठ्या मुलांना माहीत असतं की तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचे कोन ६० अंशांचे असतात, म्हणून ती ‘३ वेळा’ आणि ‘६० अंश वळ’ लावतात. स्क्रीनवर येतो एक उघडाच वाडगा, प्रत्यक्षात अर्धा षटकोन. काही मुलं आकडे बदलत सुटतात: ७०, ८०, १००. त्यांना थांबवा, उठवा आणि फरशीवर चिकटपट्टीच्या मोठ्या त्रिकोणावरून चालायला लावा. कोपऱ्यावर आल्यावर विचारा, “सरळच गेला असतास तर कुठे गेला असतास? आणि आता कुठे बघतो आहेस?” या दोन दिशांमधला कोन १२० अंशांचा असतो. आतला कोन ६०, पण चालणाऱ्याला वळावं लागतं ते बाहेरच्या कोनातून. पूर्ण फेरी मारून पुन्हा पहिल्या दिशेला तोंड झालं म्हणजे एकूण ३६० अंश वळणं झालं. तीन कोपरे, ३६० भागिले ३. मग पंचकोन आणि षटकोन मूल स्वतःच काढतं, आणि मघाचा ६० तिथे षटकोनासाठी बरोबर ठरतो.

दोघांत एकच संगणक द्या, पुरेसे असले तरी. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याने पुढचा ब्लॉक सांगायचा, आणि दर दहा मिनिटांनी बदली. दोघांत बोलावं लागतं, आणि बोलताना विचार बाहेर येतो. तुमच्यासाठी नियम एकच: मुलाच्या हातातला माउस घ्यायचा नाही. हात शिवशिवत असतील तर मागे बांधा.

वेळ, गट आणि प्रगती

सहा-सात वर्षांच्या मुलांना अर्धा तास पुरे, मोठ्यांना पाऊण तास. त्यातला निम्माअधिक वेळ पायांवर जाऊ द्या. वेगाची स्पर्धा लावू नका. वेगासाठी खेळणारी मुलं अंदाज सांगायची पायरी गाळतात. कमीत कमी कार्डांची स्पर्धा चालेल, पण सगळ्या गटांचं कोडं एकदा सुटल्यावरच.

मुलाला किती समजलं हे बघायला ‘लूप म्हणजे काय’ असं विचारू नका. दुसऱ्याने लिहिलेली रांग पुढे ठेवा आणि विचारा, “पाचव्या कार्डानंतर रोबो कुठे असेल, आणि त्याचं तोंड कुठे?” जागा बरोबर सांगितली पण दिशा चुकली, तर वळणांचा सराव कमी पडला आहे. दोन्ही चुकलं तर बहुधा मूल कार्डं एकेक करून न वाचता पूर्ण वाट डोळ्यांनी ठरवतं आहे. त्याला कार्डं एकावर एक रचून द्या, म्हणजे एका वेळी एकच दिसेल.

महागड्या रोबो किटांची घाई नको. बटणं दाबून चालवायचे छोटे फरशीवरचे रोबो उपलब्ध असतील तर चांगलेच, पण त्यांच्यावर पैसे घालण्याआधी वरच्या सहा पायऱ्या पुऱ्या करा. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी मायक्रो:बिट हे छोटं सर्किट पुढची पायरी म्हणून शोभतं. २०१६ मध्ये बीबीसीने ते आणलं, त्यावर दोन बटणं आणि पाच बाय पाच दिव्यांची चौकट असते. फरशीवरची तीच पंचवीस घरं मुलांना तिथे पुन्हा भेटतात. कोडी कमी पडू लागली तर २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेल्या बेब्रास या स्पर्धेचे जुने प्रश्न बघा. ते सोडवायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

गटात एक-दोन मुलं सगळ्यांच्या आधी संपवून बसतात आणि मग इतरांना उत्तरं सांगत फिरतात. त्यांच्यासाठी चार वाटांचं जाळं उपयोगी पडतं. त्यांना ते उलट्या बाजूने चालायला सांगा: आधी २-३ ची भेट, मग १-३ आणि २-४, शेवटी १-२ आणि ३-४. आधी विचारा, क्रम लागेल का? बहुतेक जण हो म्हणतात, आणि दोन-तीन उदाहरणांत तो लागतोही. मग त्यांना आव्हान द्या की उलट जाळं ज्याच्यावर फसतं अशा चार संख्या शोधा. ३, ४, १, २ वर ते फसतं आणि १, ३, २, ४ वर येऊन थांबतं, पण हे त्यांना सांगू नका.